पान १८२३, पान १८२४

जून १९९३. ‘आयट्रिपलई जर्नल ऑफ क्वांटम इलेक्ट्रॉनिक्स’ या नियतकालिकाचा खंड २९, अंक ६. त्यात १८१७व्या पानावर एक लेख सुरू होतो आणि १८२३व्या पानावर संपतो. लेखक सात जण, पहिलं नाव तोहमोरी. ही मंडळी जपानच्या एनटीटी कंपनीच्या अत्सुगी इथल्या प्रयोगशाळेतली. लगेच १८२४व्या पानावर दुसरा लेख. लेखक तीन: विजयशेखर जयरामन, चुआंग आणि लॅरी कोल्ड्रेन; हे सांता बार्बराचे, कॅलिफोर्निया विद्यापीठातले. छापील अंकात विषम आकड्याचं पान उजवीकडे येतं. म्हणजे १८२३ आणि १८२४ ही एकाच कागदाची पाठपोट पानं. एका अंगाला अत्सुगीचा लेख संपतो, कागद उलटला की सांता बार्बराचा सुरू होतो.

दोन्ही लेखांचा विषय एकच आहे. तांदळाच्या दाण्याहूनही लहान अशा एका चिपवर असा लेझर घडवायचा, की नुसता विजेचा प्रवाह कमीजास्त केला की त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी हवी तिथे जाऊन बसेल. आणि ही हालचाल चारदोन नॅनोमीटरपुरती न राहता पुष्कळ रुंद पट्ट्यात होईल. याला ‘ट्यूनेबल लेझर’ म्हणतात. आपण तंबोरा लावतो, तसा हा लावता येणारा लेझर. आज शहराशहरांना जोडणाऱ्या ऑप्टिकल फायबरच्या टोकांना हेच लेझर बसलेले असतात.

या लेझरची कहाणी बहुतेक वेळा २००० सालच्या शेअरबाजारातल्या तेजीपासून सांगितली जाते: कोणती कंपनी किती कोटींना गेली आणि मग सगळं कसं कोसळलं. ते सांगायला हवंच, पण त्यानं या वस्तूचा इतिहास कळत नाही. मी चार प्रकारचे कागद समोर ठेवले. पेटंटं, शोधनिबंध, दूरसंचाराची मानकं आणि अमेरिकेच्या रोखे आयोगाकडे कंपन्यांनी दाखल केलेली विवरणं. चारींचं वजन सारखं नाही. पेटंटाच्या भाषेवर वकिलाचा हात फिरलेला असतो, म्हणून त्यातल्या दाव्यांपेक्षा तारखा आणि आकृत्या जास्त भरवशाच्या. रोखे आयोगाकडच्या विवरणात खोटं लिहिणं महागात पडतं, म्हणून प्रसिद्धिपत्रकापेक्षा ते वरचढ. शोधनिबंधात जाणकार वाचक थेट आलेखांकडे वळतो आणि पहिला परिच्छेद ओलांडून जातो, कारण त्यात ‘हे संशोधन कशासाठी’ एवढंच लिहिलेलं असतं. मला मात्र सगळ्यात जास्त सांगितलं ते या ओलांडल्या जाणाऱ्या परिच्छेदांनी. वर्षानुक्रमे लावून वाचले, तर वस्तू तीच राहिलेली दिसते आणि ‘कशासाठी’ मात्र पुन्हा पुन्हा बदललेलं दिसतं.

अर्धवाहक लेझर म्हणजे दोन आरसे आणि त्यांच्यामध्ये प्रकाश वाढवणारा एक थर. १९७१ साली बेल लॅब्जमधल्या हर्विग कोगेलनिक आणि चार्ल्स शँक यांनी दाखवलं, की टोकाला सपाट आरसा लागतोच असं नाही; प्रकाशाच्या वाटेवर ठरावीक अंतरानं बारीक बदल करत गेलं, तर ती ओळच आरशाचं काम करते. अशा ओळीला ग्रेटिंग म्हणतात. फायबरमध्ये लागणाऱ्या १५५० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशासाठी ग्रेटिंगच्या दोन खाचांमधलं अंतर साधारण २४० नॅनोमीटर ठेवावं लागतं. केसाच्या जाडीत अशा तीनशेच्या आसपास खाचा बसतील. या आरशाचा गुण असा, की तो सगळा प्रकाश परतवत नाही, एकच तरंगलांबी निवडून परतवतो.

मग ती तरंगलांबी हलवायची कशी? खाचा तर कायमच्या कोरलेल्या. पण त्या थरात प्रवाह सोडला की त्याचा अपवर्तनांक किंचित उतरतो, आणि प्रकाशाच्या दृष्टीनं खाचांमधलं अंतर कमी होतं. १९८३ साली ‘इलेक्ट्रॉनिक्स लेटर्स’मध्ये टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या यासुहारू सुएमात्सु यांच्या गटानं नेमकी हीच गोष्ट छापली: चिपवरच जोडलेल्या ग्रेटिंगनं लेझरची तरंगलांबी हलवणं. या दोन पानी टिपणावरचं पहिलं नाव तोहमोरी. दहा वर्षांनी अत्सुगीच्या लेखावर सगळ्यात आधी येतं ते हेच नाव. सुएमात्सु यांना २०१४ साली जपान प्राइझ मिळालं ते लांब पल्ल्याच्या फायबर दळणवळणासाठी केलेल्या अर्धवाहक लेझरच्या पायाभूत कामाबद्दल. विद्यार्थ्याच्या हातून ते काम कंपनीच्या प्रयोगशाळेत कसं पोचलं, याचा माग या दोन लेखांच्या शिरोभागांत सापडतो.

या रीतीला एक भिंत होती. प्रवाहानं अपवर्तनांक बदलतो तो फार तर एखाद्या टक्क्यानं. १५५० नॅनोमीटरचा एक टक्का म्हणजे साडेपंधरा नॅनोमीटर, आणि प्रत्यक्षात हाती येतात ते दहाच्या आसपास. फायबरमधला उपयोगी पट्टा १५३० ते १५६५ नॅनोमीटर, म्हणजे ३५चा. पदार्थाचा गुणधर्मच आडवा आलेला. जास्त प्रवाह सोडून ही भिंत ओलांडता येत नाही. चिप तापते एवढंच.

ती ओलांडण्याची युक्ती अमेरिकेच्या ४८,९६,३२५ क्रमांकाच्या पेटंटात आहे. अर्ज २३ ऑगस्ट १९८८चा, मंजुरी २३ जानेवारी १९९०ची. संशोधक एकटे लॅरी कोल्ड्रेन, हक्क कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विश्वस्तांकडे. अमेरिकेत पेटंटं मंगळवारीच मंजूर होतात, म्हणून जुनी तारीख हाती आली की मी आधी वार काढून बघतो. २३ जानेवारी १९९० मंगळवारच होता. शीर्षकाचा मथितार्थ असा: वेगवेगळे बहुघटकी आरसे असलेला, अनेक भागांचा, तरंगलांबी बदलता येणारा लेझर. सगळं मर्म ‘वेगवेगळे’ या एका शब्दात आहे.

अकरावीला भौतिकशास्त्र घेतलेल्या प्रत्येकानं ही युक्ती हातात धरलेली आहे. प्रयोगशाळेतला तो जड, थंडगार व्हर्नियर कॅलिपर आठवा. मुख्य पट्टीवर एक एक मिलिमीटरच्या रेघा. सरकत्या पट्टीवर दहा भाग, पण ते दहा मिळून नऊच मिलिमीटर भरतात. म्हणजे प्रत्येक भाग ०.९ मिलिमीटरचा. दोन्ही पट्ट्यांवरची एकच रेघ समोरासमोर येते, बाकी सगळ्या थोड्याथोड्या चुकतात. सरकती पट्टी ०.१ मिलिमीटर ढकलली, की जुळणारी रेघ एकदम पुढच्या घरात जाते. हालचाल एक दशांश, जुळणीची उडी जवळजवळ एक अख्खं घर. पिएर व्हर्निए यांनी ही रचना १६३१ साली ब्रुसेल्समध्ये छापलेल्या पुस्तकात मांडली. बाईंनी फळ्यावर लघुत्तम मापाचं सूत्र लिहून दिलं आणि आपण वहीत उतरवून घेतलं, पण त्या सूत्रापेक्षा ती उडी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

कोल्ड्रेन यांच्या पेटंटातले दोन आरसे म्हणजे या दोन पट्ट्या. प्रत्येक आरसा एकाच्या जागी अनेक तरंगलांब्या परतवतो. आलेख काढला तर कंगव्याच्या दातांसारखी टोकं दिसतात. दोन्ही कंगव्यांच्या दातांमधलं अंतर किंचित वेगळं ठेवायचं. लेझर पेटतो तो दोन्हींचे दात जुळतील त्याच तरंगलांबीवर. समजा, एका कंगव्याचे दात ५ नॅनोमीटरच्या अंतरानं आहेत आणि दुसऱ्याचे साडेपाचच्या. पहिला कंगवा फक्त अर्धा नॅनोमीटर सरकवला, की पुढची जोडी जुळते आणि लेझर साडेपाच नॅनोमीटरची उडी घेतो. तीच अवस्था पुन्हा यायला ५५ नॅनोमीटर जावे लागतात, म्हणजे ३५चा पट्टा मध्ये सहज मावला. पदार्थ एक टक्क्याच्या वर हलायला तयार नाही, तर नसू दे. त्या एका टक्क्याला पट लावायचा.

ही कल्पना १९८८ साली आकाशातून पडली नव्हती, हेही कागदच सांगतात. कोल्ड्रेन १९८४ साली सांता बार्बराला आले. त्याआधी तेरा वर्षं ते बेल लॅब्जमध्ये होते. तिथे १९८१ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एकाच चिपवर खाच कोरून दोन भागांचे लेझर बनवल्याचं छापील नोंदीत आहे. अशा जोडखंडी लेझरमध्ये आरशांमधल्या दोन असमान लांबीच्या पोकळ्यांना एकमेकींशी जुळवून घ्यावं लागतं, आणि जिथे दोघींचं जमतं तीच वारंवारता टिकते. १९८३ साली बेल लॅब्जमधल्याच वॉन-टिएन त्सांग यांच्या गटाचा चिरून जोडलेला लेझर गाजला, तोही याच जातीचा. १९८८च्या पेटंटात पोकळ्यांची जागा आरशांनी घेतली. माझ्या मते खरं पाऊल हे आहे. पोकळ्यांची लांबी चिरताना मायक्रॉनभर चुकली तरी सगळं बिघडायचं. आरसे मात्र मुखवट्यातून छापता येतात आणि दर वेळी तसेच येतात.

अर्ज ऑगस्ट १९८८चा आणि पहिलं जाहीर प्रात्यक्षिक मे १९९२चं, ‘अप्लाइड फिजिक्स लेटर्स’मधलं: जयरामन, कोहेन आणि कोल्ड्रेन. मध्ये पावणेचार वर्षं. पेटंटात ‘अनेक दातांचा आरसा’ असं लिहिणं सोपं. तो बनवणार कसा? उत्तर १९९२च्या लेखाच्या शीर्षकातच आहे: ‘सॅम्पल्ड ग्रेटिंग’. नेहमीसारखं सलग ग्रेटिंग घ्यायचं आणि ठरावीक अंतरानं पुसून टाकायचं. काही मायक्रॉन खाचा, मग कोरी जागा, पुन्हा खाचा, पुन्हा कोरी जागा. या तुटकपणामुळेच परावर्तनाच्या आलेखात एका टोकाच्या जागी टोकांची रांग उभी राहते. कोऱ्या जागेचं अंतर बदललं की दातांचं अंतर बदलतं. दोन आरशांसाठी दोन वेगळी अंतरं, बस्स. नेहमीच्या प्रकाशछपाईनं हे जमतं, महागडं यंत्र लागत नाही. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेला परवडेल अशी ही वाट होती. पुढच्या लेखांत माथुर आणि डॅनियल डॅपकस ही नावं जोडली जातात. डॅपकस दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातले, स्फटिकाचे थर वाढवण्याच्या कामातले मोठे जाणकार.

अत्सुगीची वाट वेगळी होती. त्यांनी कोऱ्या जागा सोडल्या नाहीत. ग्रेटिंगची घनता एका टप्प्यात हळूहळू बदलत नेली आणि तोच टप्पा पुन्हा पुन्हा गिरवला. याला त्यांनी ‘सुपरस्ट्रक्चर ग्रेटिंग’ म्हटलं. यासाठी इलेक्ट्रॉनांच्या शलाकेनं एकेक खाच लिहावी लागते. तशी सोय एनटीटीकडे होती. मोबदला असा, की सगळी जागा खाचांनी भरलेली असल्यानं आरसा जास्त तेज आणि कंगव्याचे सगळे दात जवळजवळ एका उंचीचे. सांता बार्बराच्या कंगव्यात मधले दात उंच आणि कडेचे आखूड. १९९३ सालीच ‘इलेक्ट्रॉनिक्स लेटर्स’मधल्या तोहमोरी आणि सहकाऱ्यांच्या टिपणाच्या शीर्षकातच ‘१०० नॅनोमीटरहून जास्त’ असा आकडा झळकतो. दहा वर्षांपूर्वी त्याच नियतकालिकात त्याच माणसानं केलेली सुरुवात आठवली, की तो आकडा नुसता आकडा राहत नाही.

सप्टेंबर १९९२मध्ये जपानच्या ताकामात्सु शहरात अर्धवाहक लेझरची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिच्या कार्यवृत्तात अत्सुगीचं काम नियमित निबंधांमध्ये आहे, आणि सांता बार्बराचं मुदतीनंतर स्वीकारलेल्या निबंधांमध्ये. परिषदेत मुदतीनंतरची ही जागा ऐन वेळी हाती आलेल्या निकालांसाठी राखलेली असते. तेव्हा या दोन गटांत पहिलं कोण, असा वाद घालणाऱ्यांना मी एवढंच म्हणेन, की कल्पनेची तारीख १९८८ आहे आणि ती सांता बार्बराची. रुंद पट्ट्याचे पक्के निकाल १९९२-९३चे आणि ते दोघांचे. त्याच सुमाराला स्टॉकहोममधला एक गट आणि बेल लॅब्जमधले रॉड आल्फरनेस उभ्या जोडणीच्या तिसऱ्याच वाटेनं ५० नॅनोमीटरच्या पुढे पोचले होते. काळ पिकला होता.

आता ते पहिले परिच्छेद.

१९८०च्या दशकातले लेख उघडले, की हेतू एकच दिसतो: सुसंगत ग्रहण. येणाऱ्या क्षीण प्रकाशात ग्राहकाच्या (रिसीव्हरच्या) बाजूनं स्थानिक लेझरचा प्रकाश मिसळायचा आणि रेडिओसारखं स्टेशन पकडायचं. त्यानं ग्राहक कितीतरी जास्त संवेदनशील होतो, दोन प्रवर्धन ठाण्यांमधलं अंतर वाढतं. पण त्यासाठी स्थानिक लेझर येणाऱ्या प्रकाशाशी बरोबर लावता आला पाहिजे. मार्च १९९०च्या ‘जर्नल ऑफ लाइटवेव्ह टेक्नॉलॉजी’त थॉमस कॉख आणि उझी कोरेन यांचा वीस पानी आढावा आहे, त्याचं शीर्षकच सुसंगत फायबर दळणवळणासाठीचे अर्धवाहक लेझर असं आहे.

तो छापला जात होता तेव्हाच त्या हेतूखालची जमीन सरकत होती. १९८७ साली साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या डेव्हिड पेन यांच्या गटानं अर्बियम मिसळलेल्या फायबरचा प्रवर्धक दाखवला. बेल लॅब्जमध्ये एमानुएल देझुरव्हिर यांनीही त्याच वर्षी. प्रकाशाची वीज न करता प्रकाश प्रकाश म्हणूनच वाढवता येऊ लागल्यावर संवेदनशील ग्राहकाची निकड उरली नाही. सुसंगत ग्रहणाचं काम जगभर मागे पडलं. पण याच प्रवर्धकानं दुसरं दार उघडलं. तो १५३० ते १५६५ नॅनोमीटरच्या पट्ट्यातल्या सगळ्या तरंगलांब्या एकदम वाढवतो. मग एका फायबरमधून एकच वाहिनी कशाला? १९९६ साली सिएना कंपनीनं १६ वाहिन्यांची यंत्रणा बाजारात आणली. वाहिन्या वाढल्या तशी शिस्त हवी झाली. ऑक्टोबर १९९८च्या जी.६९२ आणि जून २००२च्या जी.६९४.१ या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशींनी ती घातली: १९३.१ टेराहर्ट्झ हा खुंटा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना १०० किंवा ५० गिगाहर्ट्झच्या समान अंतरानं घरं. १९३.१ टेराहर्ट्झ म्हणजे १५५२.५२ नॅनोमीटर. ५० गिगाहर्ट्झ म्हणजे साधारण ०.४ नॅनोमीटर. या हिशेबानं ३५ नॅनोमीटरच्या पट्ट्यात ८०च्या वर घरं होतात.

आणि इथे लेझरला नवं कारण मिळालं. ८० घरं म्हणजे ८० निरनिराळे ठरीव लेझर, ८० निरनिराळी कार्डं. एक बंद पडलं, तर त्याच तरंगलांबीचं दुसरं हवं. चपलांच्या दुकानात प्रत्येक मापाचा जोड ठेवावा लागतो, तसा प्रत्येक ठाण्यावर प्रत्येक घराचा सुटा लेझर ठेवायचा, आणि तो बहुतेक काळ फडताळात पडून राहणार. कोणत्याही घरावर लावता येणारा एक लेझर असला, की हे सगळं फडताळ रिकामं होतं. जानेवारी २००४च्या ‘जर्नल ऑफ लाइटवेव्ह टेक्नॉलॉजी’त कोल्ड्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आढावा आहे. त्याच्या सुरुवातीच्या भागात सुट्या भागांचा साठा कमी करणं हा उपयोग आवर्जून येतो. संशोधकाला भांडारपालाची अडचण समजली, ही मला त्या लेखातली मोठी गोष्ट वाटते. ज्या कामासाठी वस्तू कल्पिली ते हातचं गेलं, तरी ती टाकून न देता दुसऱ्याच्या गरजेशी तिची सांगड घालायला मन मोठं लागतं.

तेजीच्या वर्षांवर फार रेंगाळत नाही. मार्च २०००मध्ये कॅनडाच्या नॉर्टेल कंपनीनं मॅसॅच्युसेट्समधली कोअरटेक ही कंपनी १४३ कोटी डॉलर किमतीच्या शेअरना घेत असल्याचं जाहीर केलं. कोअरटेककडे हलत्या पडद्याचा लेझर होता. त्याच वर्षी अमेरिकेच्या एडीसीनं स्टॉकहोमच्या गटातून निघालेली आल्टिट्यून ८७ कोटी २० लाख डॉलरना घेतली. दोन वर्षांनी इंटेलनं न्यू फोकसचा ट्यूनेबल लेझरचा व्यवसाय घेतला तो ५ कोटी डॉलरना. त्याच वर्षी नॉर्टेलचा शेअर, २०००मध्ये १२४ कॅनेडियन डॉलरवर असलेला, एका डॉलरच्या खाली आला. या उलथापालथीत ज्या अभियंत्यांची कामं गेली, त्यांची नावं पेटंटांवर आहेत. कंपनीचं नाव मात्र हक्क-हस्तांतराच्या नोंदीत दर काही वर्षांनी बदलत राहतं.

मला या सगळ्यांतला सर्वांत सुंदर कागद वाटतो तो ऑप्टिकल इंटरनेटवर्किंग फोरमचा करार: २६ जून २००८, आवृत्ती १.२. कोणत्याही कारखान्याचा ट्यूनेबल लेझर दुसऱ्याच्या जागी बसावा, म्हणून त्याचा आकार, पिना आणि बोलण्याची भाषा यात ठरवून दिली आहे. यंत्र लेझरशी बोलतं ते सेकंदाला ९६०० बिट एवढ्या संथ वेगानं, आणि बोलणं म्हणजे क्रमांकित रकान्यांत आकडे भरणं. षोडशमान मोजणीतल्या ३५व्या रकान्यात पहिल्या घराची वारंवारता, टेराहर्ट्झचा पूर्णांक. ३६व्यात उरलेला भाग, गिगाहर्ट्झच्या दहाव्या हिश्शांत. ३४व्यात दोन घरांमधलं अंतर, त्याच मापात. ३०व्यात घराचा क्रमांक. समजा ३५मध्ये १९३ भरले, ३६मध्ये १०००, ३४मध्ये ५००, आणि मग ३०मध्ये ४१. पहिलं घर १९३.१ टेराहर्ट्झ, एक्केचाळिसावं त्याच्या पुढे ४० वेळा ५० गिगाहर्ट्झ, म्हणजे १९५.१. लेझर १५३६.६१ नॅनोमीटरवर जाऊन बसतो. १९८८च्या पेटंटातले दोन कंगवे या चार रकान्यांच्या मागे लपलेले आहेत, आणि फायबरच्या टोकाशी बसलेल्या तंत्रज्ञाला त्यांची गंधवार्ताही असावी लागत नाही.

लपवणं सोपं नव्हतं. मागचा आरसा, पुढचा आरसा, त्यांच्यामधला प्रकाशलहरीची कला (फेज) जुळवणारा भाग आणि प्रकाश वाढवणारा भाग: चार ठिकाणी चार प्रवाह. आरशांचे प्रवाह म्हणजे तंबोऱ्याच्या खुंट्या, ढोबळ सूर त्यांच्यानं लागतो. कला जुळवणारा भाग म्हणजे मणी, शेवटची कणभर सरक त्याची. एकाच चकतीवरच्या शेजारशेजारच्या दोन चिपांनाही एकाच घरासाठी एकच प्रवाह चालत नाहीत. म्हणून कारखान्यात प्रत्येक चिप हजारो जोड्यांवर तपासून तिचा स्वतंत्र तक्ता बनवतात: अमुक घराला अमुक प्रवाह. हा तक्ता त्या लेझरसोबत त्याच्या जन्मपत्रिकेसारखा जातो. वर आणखी एक राखणदार असतो: प्रकाशाचा छोटा हिस्सा काढून ठरावीक जाडीच्या पारदर्शक तुकड्यातून पाठवतात, आणि लेझर घरातून जरा सरकला की लगेच कळतं.

हस्तांतराच्या नोंदी जुळवत गेलं, की या लेझरांची चार घराणी दिसतात. कोल्ड्रेन यांनी १९९८ साली सहस्थापन केलेली अ‍ॅजिलिटी २००५ साली जेडीएसयूकडे गेली. २०१५ साली जेडीएसयूचे दोन भाग झाले आणि लेझर ल्युमेंटमकडे आले. इंग्लंडमधल्या कॅसवेलच्या जुन्या प्लेसी-मार्कोनी प्रयोगशाळेतला लेझर २००२ साली बुकहॅमकडे. २००९ साली तिची ओक्लारो झाली आणि २०१८ साली ओक्लारो ल्युमेंटममध्ये गेली. न्यू फोकसकडून इंटेलनं घेतलेला व्यवसाय पुढे एमकोरकडे, तिथून निओफोटॉनिक्सकडे. बारा लेझरांच्या रांगेतून इवल्या आरशानं एक निवडणारी सँटूर ही कंपनी २०११ साली निओफोटॉनिक्सकडेच आली, आणि २०२२ साली निओफोटॉनिक्सही ल्युमेंटममध्ये मिसळली. तेजीत एकमेकांच्या उरावर बसलेल्या चारही घराण्यांचे कागद आता एका छपराखाली आहेत. इंटेलच्या लेझरमध्ये आरशांऐवजी सिलिकॉनच्या दोन चकत्या होत्या, उष्णतेनं हलणाऱ्या आणि जाडीत किंचित वेगळ्या. म्हणजे तिथेही व्हर्निएच.

आणि पहिलं कारण परत आलं. डिजिटल चिपा इतक्या वेगवान झाल्या, की स्थानिक लेझर येणाऱ्या प्रकाशाशी तंतोतंत जुळवण्याचं जे काम १९९०मध्ये जड जात होतं, ते आता गणितानं करता येऊ लागलं. २००८ साली नॉर्टेलनं सेकंदाला ४० गिगाबिटची सुसंगत यंत्रणा आणली. १४ जानेवारी २००९ रोजी कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच वर्षी डिसेंबरात व्हेरायझननं पॅरिस ते फ्रँकफर्ट ८९३ किलोमीटरच्या फायबरवर नॉर्टेलच्याच यंत्रांनी १०० गिगाबिटची सुसंगत वाहिनी चालू केली. मार्च २०१०मध्ये ही यंत्रं बनवणारा नॉर्टेलचा विभाग सिएनाकडे गेला. घर मोडत असताना तिथल्या अभियंत्यांनी तो दुवा उभा केला, हे त्या दोन तारखा शेजारी ठेवल्यावर कळतं, आणि मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर वाटतो.

तेव्हापासून लावता येणारा लेझर फायबरच्या दोन्ही टोकांना लागतो: एकीकडे पाठवायला, दुसरीकडे येणाऱ्यात मिसळायला. अलीकडच्या लेखांच्या पहिल्या परिच्छेदांत पुन्हा ‘सुसंगत’ हा शब्द येतो, जसा कॉख आणि कोरेन यांच्या शीर्षकात होता. लेझर आता बऱ्याचदा सिलिकॉनवर बनतो, आणि आरशांच्या जागी दोन इवली वर्तुळं कोरलेली असतात, एकाचा परीघ दुसऱ्याहून किंचित मोठा. दोन-तीन पानं उलटली की ओळखीची आकृती येते: एकाखाली एक दोन कंगवे, वरच्याचे दात थोडे दूर, खालच्याचे थोडे जवळ, आणि त्यांच्यामधून खाली सोडलेली एक तुटक उभी रेघ, दोन्हींचे दात जिथे जुळतात तिथे.